आठवा डाव

वाचकहो, तुमच्या घरात बुद्धिबळाचा पट असेल तर हे वाचताना तो पुढ्यात मांडून बसा. नसला तरी अडत नाही. आमच्याही घरी कित्येक वर्षे नव्हता. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी गावी महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या नातीने हट्ट धरून पट आणवला. आता ती शाळांच्या स्पर्धांना जाते. परवा तालुक्याहून परत आली ती तोंड पाडूनच. मी विचारले, "कशी काय हरलीस गं?" तर म्हणते, "आजोबा, समोरची माझ्यापेक्षा चांगली खेळते हे मला ठाऊक होतं. म्हणून ती जे करील तेच मी करत गेले. तरीसुद्धा हरले."

ते ऐकले आणि मला हसूही आले, आणि एकदम आमचे दादा आठवले. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनीही जन्मभर तेच केले होते, आणि तेही असेच एका डावाने अडखळले होते. तो डाव मी नातीला मांडून दाखवला. तोच तुम्हांलाही सांगतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा, आला तर आला. आजोबांच्या मागे शेताच्या बरोबर दोन वाटण्या झाल्या. बांधाच्या अलीकडे आमची नऊ एकर, पलीकडे थोरल्या चुलत्यांची नऊ एकर. त्यांना सारे गाव अण्णा म्हणे, आम्हीही अण्णाच म्हणत असू. जमीन सारखी, विहीर सामाईक, बैलजोड्याही दोन्हीकडे खिलारीच. आणि अण्णा जे करतील ते दादा करणार, हे ठरलेले. अण्णांनी बाजरी टाकली की दुसऱ्या दिवशी आमची तिफण निघायची. अण्णांनी गोठ्याला पत्रा घातला, महिन्यात आमच्या गोठ्यालाही आला. लोक चेष्टेने म्हणत, "अण्णाला शिंक आली की धाकट्याला पडसं होतं." दादांना त्याचे काही वाटत नसे. "थोरला भाऊ म्हंजी बापाच्या जागी," एवढेच ते बोलत.

मग १९७२ साल आले. त्या सालाबद्दल तुमच्यापैकी जुन्या माणसांना मी काय सांगावे! आमच्याकडे पेरलेली बाजरी वीतभर वाढली आणि उभीच्या उभी करपली. गावाजवळ पाझर तलावाचे दुष्काळी काम निघाले. आई-दादा, अण्णा-काकू सगळे त्या कामावर. मी चौदा वर्षांचा होतो. घमेली उचलायला मीही जात असे. दुपारी पोरांना सुकडी मिळे, घरी रेशनचा तांबडा मिलो. त्याच्या भाकरीची चव मी अजून विसरलेलो नाही. विसरावी अशी फार इच्छा आहे.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर कंदिलाच्या उजेडात आमचे गुरुजी पट मांडत. प्राथमिक शाळेचे मास्तर, पण बुद्धिबळाचे भारी वेड. त्या वर्षी जुलैपासून सप्टेंबरपर्यंत आइसलँड देशातल्या रेक्याविक शहरात अमेरिकेचा बॉबी फिशर आणि रशियाचा बोरिस स्पास्की यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला होता. फिशर एकोणतीस वर्षांचा, स्पास्की पस्तिशीचा आणि त्या वेळी जगज्जेता. कुठून कुठून चार-चार दिवसांची शिळी वर्तमानपत्रे मिळवून गुरुजींनी त्यातले डाव एका वहीत उतरवून घेतले होते. दुसऱ्या डावाचे पान कोरे होते, कारण फिशर त्या दिवशी खेळायला आलाच नव्हता आणि गुण स्पास्कीला मिळाला होता. ते कोरे पान गुरुजी आम्हां पोरांना मुद्दाम दाखवत, आणि शाळा बुडवणाऱ्यांकडे बघत.

गावात बुद्धिबळ खेळणारे आठ-दहा जण होते, दादा त्यांतले एक. पण आमची सगळी देशी पद्धत. प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकणार. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी. म्हणून विलायती डाव बघताना म्हातारी मंडळी कुरकुरत. गुरुजी मग त्यांना पंजाबच्या सुलतान खानाची गोष्ट सांगत. तो असाच देशी पद्धतीवर वाढलेला, पण विलायतेत जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. मग मंडळी गप्प बसत.

गुरुजींच्या संचात एक काळा हत्ती हरवलेला होता. त्याच्या जागी कामावरून आणलेला खडीचा तुकडा ठेवत. तो हत्ती लक्षात असू द्या.

मार्गशीर्षातली गोष्ट. अण्णांनी सोमवारच्या बाजारात आपली बैलजोडी विकली. चांगल्या सालातल्या निम्म्याहूनही कमी पैसे आले. काकू दिवसभर गोठ्यात बसून होत्या. आणि आमच्या घरी काय होणार हे न सांगताच सगळ्यांना कळले. रविवारी सकाळी दादांनी हौशा आणि पाखऱ्याची शिंगे साफ केली, नवे कासरे काढले. आई एवढेच म्हणाली, "इकून आलेलं पैसं किती दिस पुरत्याल? आन् पाऊस आल्यावर औताला काय आमी जुपून घ्यायचं?" दादा म्हणाले, "अण्णानं काय इचार केल्याबिगार इकली असंल व्हय?" त्यावर कुणी बोलायचे राहिले नाही.

त्या रात्री पारावर आठव्या डावाची पाळी होती.

हा डाव २७ जुलै १९७२ ला झाला. तोपर्यंत फिशर चारास तीन असा पुढे गेला होता. पांढरी मोहरी फिशरची. पूर्वी तो बहुतेक नेहमीच राजापुढचे प्यादे दोन घरे सारून डाव सुरू करायचा. स्पास्कीनेही महिनोन्‌महिने तीच तयारी केलेली. पण सहाव्या डावात फिशरने वाट बदलली होती आणि इथेही तेच केले. वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे. म्हणजे पटाच्या मधोमध सरळ न चढता बगलेने यायचे. या सुरुवातीला इंग्लिश म्हणतात. १८४३ साली पॅरिसमध्ये हॉवर्ड स्टाँटन या इंग्रजाने फ्रान्सच्या सेंट-अमांविरुद्ध ती वापरली, म्हणून ते नाव पडले.

स्पास्कीनेही आपले तेच प्यादे दोन घरे पुढे केले. मग पांढऱ्याचा एक घोडा बाहेर, काळ्याचाही. पांढऱ्याचा दुसरा, काळ्याचा दुसरा. चौथ्या खेळीला राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर, इकडेही तसेच. पाचव्या खेळीला त्या रिकाम्या झालेल्या घरात उंट, तिकडेही उंट. सहाव्या खेळीला फिशरचा किल्लेकोट, स्पास्कीचाही किल्लेकोट.

गुरुजी थांबले आणि म्हणाले, "आता नीट बघा." पटाच्या मध्यावर आरसा उभा करावा तशी दोन्ही बाजूंची मोहरी समोरासमोर. एका प्याद्याचाही फरक नाही. अशा मांडणीला गुरुजी 'जुळी' म्हणत.

मागून कुणीतरी म्हणाले, "ह्यो तर बापू आन् अण्णाचा बांध झाला की." सगळे हसले. दादाही हसले. बापू म्हणजे आमचे दादाच. अण्णा त्या रात्री आले नव्हते.

दादांनी विचारले, "गुरुजी, समोरचा करंल तेच करत गेलं तर माणूस हरंल कसा? दोघांचं सारखंच ऱ्हाणार की."

आता बघा, नातीने मला विचारले तेही हेच होते. गुरुजींनी तोंडी उत्तर दिले नाही. बाजूला तात्पुरता दुसरा डाव मांडला. तुम्हीही मांडून पाहा, एवढीशीच गंमत आहे. दोघांनी राजापुढचे प्यादे दोन घरे सारायचे. दोघांनी राजाकडचा घोडा प्याद्यांपुढे आणायचा. पांढऱ्याच्या घोड्याने समोरचे प्यादे मारायचे, काळ्याच्या घोड्यानेही तसेच मारायचे. इथपर्यंत बरोबरी. आता पांढरा आपला वजीर राजापुढच्या घरात आणतो आणि काळ्याच्या घोड्यावर डोळा ठेवतो. काळा घाबरून घोडा मागे घेतो. लगेच पांढरा आपला घोडा वजिराच्या वाटेतून उचलून असा ठेवतो की मागच्या वजिराचा राजाला शह बसतो आणि घोड्याचा मार काळ्याच्या वजिरावर. राजा वाचवला की वजीर गेला.

"पट जुळा दिसतो बापू," गुरुजी म्हणाले, "पण पाळी जुळी नसते. एक जण नेहमी एक खेळी पुढं असतो."

दादा काहीच बोलले नाहीत. बिडी विझली होती तीच ओढत बसले.

आठवा डाव पुढे चालू झाला. सातव्या खेळीला फिशरने वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलले, थेट काळ्या प्याद्याच्या तोंडी. इथे मात्र स्पास्कीने नक्कल केली नाही. तो काही आमच्या नातीसारखा नवखा नव्हता. इथेही नक्कल केली असती, तर मारण्याची पहिली पाळी पांढऱ्याचीच. म्हणून त्याने ते प्यादे मारले. घोड्याने घोडा गेला, पांढरा वजीर मधोमध येऊन बसला. इथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

स्पास्कीने आपला वजीर उजव्या कडेला बाहेर काढला. मागे दोन हत्ती शेजारी-शेजारी आणले. त्यांतला एक आमचा खडीचा तुकडा. आता आपल्या उजव्या अंगाची दोन प्यादी पुढे सारून फिशरला रेटायचे, असा त्याचा बेत दिसत होता. चौदाव्या खेळीला कडेचे प्यादे एक घर. फिशरने आपला एक उंट दोन घरांनी मागे घेतला. बघणाऱ्याला वाटावे, माघार घेतली. पंधराव्या खेळीला स्पास्कीने दुसरे प्यादे दोन घरे ढकलले.

गुरुजींनी पांढरा उंट उचलला आणि तिरप्या वाटेने थेट काळ्याच्या घरात, खडीच्या तुकड्याच्या कानाशी नेऊन ठेवला.

"हाण की त्याला!" कुणीतरी ओरडले. पण हाणणार कोण? वजीर त्याच रांगेत होता खरा, पण मधे स्वतःचेच प्यादे, एक खेळी आधी पुढे केलेले. बरे, हत्ती पळवावा तर कुठे? कोपऱ्यात गेला तर तिथे फिशरचा दुसरा उंट पार पलीकडच्या बाजूने नजर लावून बसलेला. एक घर पुढे सरकला तरी त्याच उंटाच्या वाटेत. दोन घरे सरकला तर हाच उंट मारतो. शेजारी दुसरा हत्ती. सगळ्या वाटा बंद. उंटाच्या बदल्यात हत्ती गेला. त्या वेळी कुणी म्हणाले, स्पास्कीने तो जाणूनबुजून दिला असावा. मला तसे वाटत नाही. पण आपण पडलो पारावरचे खेळाडू.

गंमत अशी की, डाव तेवढ्यावरच संपला नव्हता. स्पास्कीला त्याबदल्यात एक प्यादे मिळाले होते, तग धरता आला असता. पण एकोणिसाव्या खेळीला त्याने घोडा नको तिथे मागे घेतला. फिशरचा घोडा मधून उसळला, दोन्ही वजीर समोरासमोर आले आणि पटावरून गेले, आणि त्या धामधुमीत फिशरने वाटेत शह देऊन ते प्यादेही परत घेतले. मग सदतीसाव्या खेळीपर्यंत नुसती ओढाताण. स्पास्कीने डाव सोडला. पाचास तीन.

मंडळी उठली. दादा बसूनच होते. गुरुजी मोहरी पिशवीत भरत असताना ते म्हणाले, "गुरुजी, ह्या काळ्यानं नक्कल सोडली, तरी बी हरलाच की."

"हरला," गुरुजी म्हणाले. "नक्कल सोडली म्हणजे जिंकला, असं कुणी सांगितलंय?"

दादा थोडे हसले. घरी येताना वाटेत माझ्याशी बोलले ते मला अक्षरशः आठवते, कारण दादा वाटेत कधी बोलत नसत. म्हणाले, "अण्णा गेला तवा बाजारात चाळीस बैलं हुती. त्यो इकून आल्याचं साऱ्या गावांनी बघितलं. उद्याच्याला चारशे असत्याल. अण्णाला जो भाव आला, त्यो मला कुठला यायचा?"

सोमवारी दादा बाजाराला गेले, पण बैल दावणीलाच ठेवून गेले. नुसते बघायला. परत आले ते दिवस मावळल्यावर. बैलांना बैल लागून उभे होते म्हणाले, आणि अण्णांना मिळाला त्याच्याही निम्म्याने सौदे चालले होते. घेणारा शेतकरी एक नव्हता. आईने पायांवर पाणी घातले आणि काही विचारले नाही.

यावर तुम्ही म्हणाल, दादा शहाणे आणि अण्णा चुकले. तसे समजू नका. अण्णांच्या डोक्यावर थोरल्या मुलीच्या लग्नाचे देणे होते, आमच्यावर नव्हते. बांधावर उभे राहिले तर दोन्ही शेतं सारखी दिसत, पण अण्णांच्या पटावर एक प्यादे आधीच कमी होते. त्यांना बैल विकणे भागच होते, आणि वेळीच विकले म्हणून चार पैसे तरी हाती आले. हे मला फार उशिरा समजले. त्या वेळी घडले ते असे की, आयुष्यात पहिल्यांदा धाकटा भाऊ आपल्यामागून आला नाही, हे अण्णांच्या जिव्हारी लागले. "मी चुकलो म्हणून गावाला दाखवतोस काय?" असे ते विहिरीवर दादांना बोलले. त्यानंतर पाच-सहा महिने दोन्ही घरांत बोलणे नाही. काकू आईला कोरड्यासाची वाटी द्यायच्या, तीही मागच्या दाराने.

दादा बैल घेऊन सात कोसांवरच्या गुरांच्या छावणीत गेले आणि तिथेच राहिले. कामाची मजुरी बुडाली. आईच्या आणि माझ्या मजुरीवर घर चालले. छावणीत उसाचे वाढे मिळत. नुसत्या वाढ्यांवर बैल जगतो, पण अंग धरत नाही. चैत्रात पाखऱ्या खाली बसला तो उठलाच नाही. दादा एकट्या हौशाला घेऊन पायी परत आले. दाराशी येऊन उभे राहिले तेव्हा दोघांच्याही फासळ्या मोजता येत होत्या. त्या रात्री मी मनात गुरुजींना, फिशरला आणि त्या पटाला शिव्या दिल्या. एक बैल म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. एका बैलाने औत चालत नाही. विकले असते तर निदान दोघांचे पैसे आले असते, असे मला वाटले. आई मात्र एका शब्दाने दादांना बोलली नाही.

१९७३ च्या जूनमध्ये पाऊस आला. चांगला आला. आणि मृगाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. हातात कासरा, कासऱ्याला एक गोऱ्हा, नुकताच औताला लागलेला. उरलेल्या पैशांतून घेतला होता. जोडी घ्यायची ऐपत नव्हती. दादांकडे न बघता म्हणाले, "हौशा डाव्या अंगानं चालतो न्हवं? ह्यो उजव्याला चालंल." दादा उठले आणि त्यांनी जू खांद्यावर घेतले. दोघांत एवढेच बोलणे झाले.

नातीला हा भाग फारसा रुचला नाही. तिला पंधराव्या खेळीत काळ्याने दुसरे काय करायला हवे होते, हेच हवे होते. अर्धी रात्र ती तेच मांडत बसली. आम्ही दोन-तीन वाटा काढल्या, तिच्या माझ्यापेक्षा चांगल्या निघाल्या. फिशर २००८ साली त्याच रेक्याविकमध्ये वारला आणि स्पास्की २०२५ च्या फेब्रुवारीत गेला, हे मी तिला सांगितले, ती म्हणाली, "ठीक आहे आजोबा, पण हा हत्ती आधीच हलवला असता तर?"

असो. पेरणीचे सांगायचे राहिले. जोडी एक आणि शेते दोन. मग कुणाच्या शेतात आधी पेरायचे, यावरून दोघे भाऊ बांधावर उभे राहून भांडायला लागले. अण्णा म्हणत, तुझं आधी. दादा म्हणत, तुम्ही थोरले, तुमचं आधी. ऊन चढू लागले, वाफसा निघून चालला. शेवटी काकूंनी बियाण्याची पाटी आईच्या हातात दिली, हौशाच्या पाठीवर थाप मारली आणि जोडी आमच्या शेताकडे वळवली.